दारातच अडविलेला श्रोता

व्याख्यान सर्वांना खुले असल्याचे जाहीर करावयाचे आणि सभागृहाचे दार मात्र एकाच दुकानात मिळणाऱ्या किल्लीने उघडेल अशी तजवीज ठेवावयाची, याला लोकशाही म्हणता येत नाही. इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या व्याख्यानांच्या बाबतीत वर्षानुवर्षे हेच चालले आहे.

ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. त्याचे इंटरनेटवरील प्रक्षेपण मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या साधनावर बेतलेले होते. ज्यांच्या संगणकावर ते चालत नव्हते, त्यांच्यासाठी दार बंद! पुढे ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिल्व्हरलाइटचीही तीच गत झाली. कंपनीने हात झटकले आणि त्या साधनांवर विसंबून तयार केलेले धडे निरुपयोगी ठरले. वस्तुतः जादा साधनाविना चित्रफीत दाखविण्याची सोय असलेले एचटीएमएल-५ हे खुले मानक ऑक्टोबर २०१४ मध्येच अधिकृत झाले होते. तेव्हा दोष तंत्राच्या असमर्थतेचा नव्हे, मालकीचा आहे.

सॉफ्टवेअर विकत घेते संस्था आणि त्याचा जाच सोसतो श्रोता. विक्रेता मर्जी सांभाळतो ती खरेदीदाराची. म्हणूनच श्रोत्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि हजेरी टिपण्याची यंत्रणा चोख असते. परंतु निसटलेले वाक्य पुन्हा ऐकण्याची, पडद्यावरील बारीक अक्षरे मोठी करण्याची, बहिऱ्यांसाठी मजकूर दाखविण्याची किंवा वेग मंद असता केवळ आवाज ऐकण्याची सोय अनेकदा आढळतच नाही.

‘फुकट मिळते, मग तक्रार कसली?’ असे विचारणारे विसरतात की, शासकीय संस्थांच्या कार्यक्रमांचा खर्च जनतेच्याच करातून होतो. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के कुटुंबांना होती. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षण पडद्यावर गेले, तेव्हा अवजड ॲपचा भार या समाजाच्या माथी आला. केरळने मात्र १ जून २०२० पासून शालेय पाठ दूरचित्रवाणीवरूनही दिले. जनतेच्या हाती काय आहे, हे आधी पाहून मग साधन निवडावयाचे असते, याचा हा वस्तुपाठ होय.

खुली साधने कच्ची असतात हा प्रचारही फोल आहे. बिगब्लूबटन हे मुक्त सॉफ्टवेअर खास अध्यापनासाठीच घडविलेले आहे. उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : सार्वजनिक पैशातून होणारे प्रत्येक व्याख्यान खुल्या स्वरूपात, साध्या मोबाइलवर, नावनोंदणीच्या सक्तीविना उपलब्ध झाले पाहिजे, त्याचा ध्वनी व मजकूर स्वतंत्रपणे मिळाला पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी विद्यापीठांपासून ग्रामपंचायतींपर्यंत लावून धरावी आणि तिची सुरुवात पक्षाच्या स्वतःच्या अभ्यासवर्गांपासून करावी. ज्ञानावरील मक्तेदारीविरुद्ध लढणाऱ्यांनी आपलेच वर्ग मक्तेदारांच्या कुलपात ठेवणे शोभणारे नाही.