आजीचं ऑपरेशन दरवर्षी पुढच्या वर्षी का?

वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. वस्तीतल्या एक आजी आपल्या पाळीची पानं नेहमी स्वतः वाचायच्या. चाळिशी उलटल्यावर अक्षरओळख झालेली, त्यामुळे त्या पाळीचं त्यांना फार अप्रूप. यंदा त्यांनी ग्रंथ हातात घेतला, दोनदा डोळे पुसले आणि तो शेजारच्या मुलीकडे सरकवला. "दिव्याभोवती नुसतं वलय दिसतं गं." घरी विचारलं, तर मुलगा म्हणाला, "दोन वर्षं झाली मोतीबिंदू सांगून. पण अजून पिकला नाही ना!"

हे 'पिकला नाही' आम्ही इतक्या घरांतून ऐकलं, की त्यावर लिहिणं भाग आहे.

डोळ्याच्या आत एक पारदर्शक भिंग असतं. वयाबरोबर ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. पूर्वी ते अख्खं भिंग बाहेर काढत आणि त्या जागी नवं बसवत नसत. म्हणून नजर अगदी जाईपर्यंत थांबायचे, आणि नंतर तो बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. आजोबांचा तसा चष्मा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आता छोट्या छेदातून गढूळ भिंग काढतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. ते जन्मभर टिकतं. म्हणजे पिकण्याची गरज संपली, फक्त म्हण आपल्या घरात राहिली. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं, आणि कधी डोळ्यातला दाब वाढून डोळा ठणकायला लागतो. रोजचं काम अडायला लागलं, तांदळातला खडा दिसेना, पायरी चुकायला लागली, की वेळ झाली समजा.

'पावसाळ्यात नको, थंडीत करू' हीसुद्धा तशीच जुनी समजूत. ऑपरेशन कोणत्याही ऋतूत होतं. आणि मोतीबिंदू विरघळवणारे थेंब अजून कुठेही निघालेले नाहीत. मध, गुलाबपाणी, बाजारात विकला जाणारा कसला तरी अर्क डोळ्यात घालू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही या बाटल्या सापडतात, हे लिहिताना आम्हाला वाईट वाटतं.

वाट पाहण्यात आणखी एक धोका आहे. अंधूक दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच, असं आपण घरबसल्या ठरवतो. काचबिंदू हा वेगळा आजार आहे. त्यात डोळ्याची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. पिकायची वाट पाहता पाहता तिकडे नस जात असेल, तर पुढे कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही. साखरेच्या आजाराने डोळ्याचा मागचा पडदाही बिघडतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती. ज्यांना साखर आहे त्यांनी डोळ्यांना काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा.

आता पैशांचं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात भिंगासकट ऑपरेशन मोफत होतं. 'फुकटचं भिंग हलकं असणार' अशी शंका घेऊन काही घरांनी व्याजाने पैसे काढून महागडं भिंग बसवलं. आमचं स्पष्ट मत आहे, त्यासाठी कर्ज काढू नका. साध्या भिंगाने लांबचं चांगलं दिसतं, वाचायला बहुधा चष्मा लागतो, एवढंच. शिबिरातून नेत असतील तर दोन गोष्टी विचारा: ऑपरेशन रुग्णालयाच्या थिएटरमध्येच होणार ना, आणि नंतर त्रास झाला तर नेमकं कुठे यायचं?

भीतीचं म्हणाल तर डोळा बधिर करून, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. त्याआधी साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवा. नंतर चार ते सहा आठवडे थेंब, आणि प्रत्येक वेळी थेंब टाकणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले हवेत. डोळा चोळायचा नाही, सुरुवातीला डोक्यावरून पाणी नाही, हंडा उचलायचा नाही, चुलीच्या धुराजवळ बसायचं नाही. विहारात काही दिवस पंचांग प्रणाम न करता खुर्चीत बसून हात जोडले तरी चालतील. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसायचं कमी झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसलं तर मोतीबिंदू परत आला असं नसतं. भिंगामागचं पातळ आवरण गढूळ होतं, ते लेझरने काही मिनिटांत मोकळं होतं.

एवढं सगळं सोपं आहे, तर आजी थांबल्या का? आम्ही खोदून विचारलं तेव्हा खरं कारण निघालं. तपासणीला एक खाडा, ऑपरेशनला दोन, परत दाखवायला एक. रोजंदारीच्या घरात मोफत ऑपरेशनही मोफत नसतं. पण याच घरात वडिलांचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं होतं, कारण त्यांना वॉचमनची नोकरी होती. आजी नातवंडं सांभाळतात, पाणी भरतात, म्हणूनच सून कामावर जाऊ शकते. ते काम कुणी मोजत नाही. स्वतः आजीच म्हणतात, "आता माझं काय राहिलंय बघायचं?" आणि आपण मान डोलावतो. समतेवर भाषणं करणाऱ्या आपल्या समाजाला हे शोभत नाही, असं आम्ही तिथेच म्हटलं. मुलाला राग आला. येऊ दे.

मात्र नुसतं बोलून खाडा भरून निघत नाही. म्हणून महिला मंडळाने पाळ्या लावल्या आहेत. रुग्णालयात सोबत कोणी जायचं, सकाळ-दुपार-संध्याकाळ थेंब कोणी टाकायचे, पाणी कोणी भरायचं. रिक्षाचे पैसे जयंतीच्या वर्गणीतून द्यावेत असं आम्ही सुचवलं, तेव्हा काही तरुणांनी कुरकूर केली. डीजेचा एक तास कमी केला तर कितीतरी फेऱ्यांचं भाडं निघेल, हा हिशेब त्यांच्यासमोर मांडलाय. आजींना येत्या मंगळवारी तपासणीला न्यायचं ठरलंय, आणि सोबत त्यांचा मुलगाच येतो म्हणालाय.