वाकडा मुकुट

गेल्या पावसाळ्यात आमच्या काही विद्यार्थ्यांनी शाळेतील एका खोलीच्या खिडक्या काळ्या कापडाने झाकल्या आणि परातीत पडणाऱ्या दुधाच्या थेंबाची छायाचित्रे घेतली. ५० सेंटिमीटरवरून सोडलेला थेंब आदळताना सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने येतो; १/१००० सेकंदातही तो ३ मिलिमीटर सरकतो आणि चित्र पुसट येते. मुलांनी अंधारात कॅमेऱ्याची झडप उघडीच ठेवली व थेंब आदळताच फ्लॅश चमकवला. फ्लॅशची शक्ती कमी ठेवली की त्याचा उजेड १/२०००० सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. क्षण पकडतो तो उजेड. महागडा कॅमेरा लागत नाही.

अशा घरगुती खटपटीचे आपल्या मुलखाला नावीन्य नाही. निपाणीहून जवळच असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने चलच्चित्रांचा कॅमेराच घडविला, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

परंतु मला सांगायचे आहे ते निराळेच. थेंब आदळला की दुधाचा मुकुट उठतो. मुलांच्या बहुतेक चित्रांत तो वाकडा होता. एक शिंग उंच, दुसरे तुटलेले. प्रदर्शनासाठी मी त्यांतले सर्वांत सुबक चित्र निवडले आणि उरलेली पुसून टाकण्यास सांगितले. मी पडले कला शाखेची पदवीधर. मला ते सौंदर्यदृष्टीचे काम वाटले.

पुढे आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाविषयी वाचनात आले. विजेच्या ठिणगीच्या उजेडात क्षणभर दिसलेला थेंब ते कित्येक वर्षे हाताने रेखाटीत. ती रेखाटने कशी डौलदार, सममित! १८९४ च्या सुमारास छायाचित्रे हाती आली, तेव्हा त्यांना उमगले की वेडेवाकडे दिसलेले सारे अपघात समजून आपले मनच बाजूला सारीत होते. १९०८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले.

आमच्या प्रयोगवह्यांत दुसरे काय चालते? उत्तर आधी ठाऊक असते, मग निरीक्षणे त्याला जुळवून लिहिली जातात. न जुळणारे निरीक्षण लिहिणाऱ्याचे गुण जातात, आणि घरी पालकही त्यालाच रागावतात. माझ्या मते त्याचे गुण कापू नयेत. यंदाच्या प्रदर्शनात वाकडे मुकुट, रिकामी परात, उशिरा चमकलेला फ्लॅश, सारी छायाचित्रे लावावीत. पुसलेली आता परत येणार नाहीत. मुलांना पुन्हा दूध लागेल. ते मी आणून देईन.