पाठांतराचे राजकारण

दिवाळीची सुटी संपली की महाराष्ट्रातील महाविद्यालयांत वक्तृत्वस्पर्धांचा हंगाम सुरू होतो. संस्थापकांची पुण्यतिथी, आमदारांचा वाढदिवस, कारखान्याच्या शिल्पकाराची जयंती, पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव अशी निमित्ते अनेक असतात. स्पर्धेचे स्वरूप मात्र सर्वत्र एकच. पाच अधिक दोन मिनिटांचा अवधी, फिरता करंडक, रोख पारितोषिके आणि पाच विषयांची यादी. या यादीत अलीकडे चालू राजकारणाला हमखास स्थान असते. 'एक देश, एक निवडणूक : गरज की घातक?', 'मोफत योजना : कल्याण की रेवडी?' असे विषय शहरातील नामांकित महाविद्यालयापासून तालुक्याच्या गावापर्यंत ऐकू येतात. विद्यार्थी राजकारणाचा विचार करू लागला म्हणून लोकशाहीवाद्यांनी आनंद मानावा, असे हे चित्र वरकरणी दिसते. प्रत्यक्षात या स्पर्धांची जी तयारी चालते ती पाहिली, तर आनंदाऐवजी चिंताच वाटावी.

तयारी म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी भाषण 'बसवून' घेतले जाते. आधीच्या वर्षी करंडक जिंकलेला एखादा माजी स्पर्धक किंवा शुल्क घेणारा मार्गदर्शक तयार संहिता देतो. कोणत्याही विषयाला चालेल असा शेर आरंभी, विवेकानंदांचे एखादे वचन मध्यभागी, जवानाच्या किंवा शेतकऱ्याच्या आत्महत्येचा डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग शेवटी. विषय बदलला की मधली चार वाक्ये बदलायची. आता तर तेवढेही श्रम उरलेले नाहीत. यंत्राला विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन्ही भाषणे तयार मिळतात. विद्यार्थ्याकडे मग एकच काम राहते : कोठे थांबायचे, कोठे हात उंचवायचा आणि कोठे आवाज कापरा करायचा, हे पाठ करण्याचे.

परीक्षकांच्या गुणपत्रिकेतही याच गोष्टींना प्रतिष्ठा आहे. आवाजातील चढउतार, देहबोली, शब्दोच्चार, सभाधीटपणा, वेळेचे भान यांचे गुण एकत्र केले की 'आशय' या रकान्याला जेमतेम चतकोर वाटा उरतो. त्या आशयातील आकडा खरा की खोटा, हे तपासण्याची सोय कोठेच नाही. परीक्षक प्रश्न विचारत नाहीत. प्रतिस्पर्धी उत्तर देत नाही. दुसरी घंटा वाजते, टाळ्या होतात आणि पुढच्या स्पर्धकाचे नाव पुकारले जाते. खोटे बोलल्याबद्दल ज्या व्यासपीठावर कधीच शिक्षा होत नाही, त्या व्यासपीठावर उद्याचे पुढारी घडत आहेत.

विषयातच दडलेली फसवणूक

मोफत योजनांचाच विषय घ्या. 'रेवडी संस्कृती' हा शब्दप्रयोग पंतप्रधानांनी जुलै २०२२ मध्ये रूढ केला आणि दोन वर्षांत त्यांचाच पक्ष सहभागी असलेल्या सरकारने महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आणली. स्पर्धक या विसंगतीवर एक चुरचुरीत वाक्य टाकतो, टाळी घेतो आणि पुढे जातो. विषयाचा खरा अभ्यास तेथून सुरू व्हायला हवा होता.

जून २०२४ मध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी रुपये खर्च येईल, असे सरकारने सांगितले. दरमहा १,५०० म्हणजे एका स्त्रीला वर्षाला १८,००० रुपये. भागाकार केला की सुमारे २ कोटी ५५ लाख स्त्रिया, हे उत्तर मिळते. पुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद झाली. पुन्हा तोच भागाकार केला की उत्तर येते २ कोटी. म्हणजे निवडणुकीपूर्वीचा अंदाज आणि निवडणुकीनंतरची तरतूद यांत तब्बल ५५ लाख स्त्रियांचे अंतर आहे. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे आश्वासन दिले होते. त्या दराने ३६,००० कोटी दीड कोटी स्त्रियांनाही पुरणार नाहीत. वगळल्या जाणाऱ्या स्त्रिया कोण, त्यांना वगळण्याचे निकष निवडणुकीआधी का लावले नाहीत, हे प्रश्न विचारायला उच्चारशास्त्र लागत नाही. अर्थसंकल्पाचे एक पान आणि शाळेतील अंकगणित पुरते.

याच अभ्यासाचे दुसरे पान केंद्र सरकारचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अन्य सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. एक खर्च राज्याचा आणि दुसरी सवलत केंद्राची, हा भेद मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. गरीब बाईच्या हाती पडणाऱ्या रकमेला रेवडी म्हणायचे आणि कंपनीला सोडलेल्या कराला प्रोत्साहन म्हणायचे, हा शब्दांचा न्याय कोणी ठरवला?

आणि विषयाच्या शीर्षकातील तो 'की' सर्वांत फसवा आहे. कल्याण की रेवडी, या दोनच वाटा विद्यार्थ्यापुढे ठेवल्या जातात. तिसरी वाट याच महाराष्ट्राने देशाला दाखवली आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली; १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन ग्रामीण मजुराच्या कामाची हमी द्यावी, हे तत्त्व त्यामागे होते. काम मागणे हा हक्क ठरला. हक्क आणि खैरात यांत भेद असा की हक्क नाकारला तर मजूर तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकतो. खैरात थांबली तर हात जोडून वाट पाहण्याखेरीज त्याच्या हाती काही राहत नाही. लाडकी बहीण योजनेची समाजवादी समीक्षा येथून व्हायला हवी. स्पर्धेच्या अनुकूल-प्रतिकूल चौकटीत तिला जागाच नाही.

'एक देश, एक निवडणूक' या विषयाची गतही तशीच. कोविंद समितीने मार्च २०२४ मध्ये दिलेला अहवाल १८,६२६ पानांचा आहे. तो कोणी विद्यार्थी वाचेल ही अपेक्षा नाही. परंतु १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक थोड्याच पानांचे आहे. विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली तर नवी विधानसभा केवळ उरलेल्या मुदतीपुरती निवडली जाईल, ही त्यातील तरतूद वाचणारा विद्यार्थी आपोआप विचारेल : मतदाराच्या मताची किंमत पंचांगावर कशी ठरवता येईल? पण विधेयक वाचतो कोण? खर्च वाचतो असे एका बाजूने म्हणायचे आणि संघराज्य धोक्यात आहे असे दुसऱ्या बाजूने. दोघांनीही मूळ मसुदा पाहिलेला नसतो.

तयारीची परंपरा

महाराष्ट्राला वक्तृत्वाची थोर परंपरा आहे, असे प्रत्येक स्पर्धेच्या प्रास्ताविकात सांगतात. मग ती परंपरा काय होती तेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये झाला तो लोकशिक्षणासाठी, करंडकासाठी नव्हे. नामदार गोखल्यांनी १९०२ मध्ये इंपीरियल कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा डौल मिरवत होते. लोक दुष्काळाने पिचलेले असताना ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा अधिक वसूल केलेला कर आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांतून दाखवून दिले. या भाषणांमागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकाची आकडेवारी होती आणि ती गोखल्यांनी शिष्यभावाने मागून घेतली होती. १९०३ पासून मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. एका भाषणाने तो उतरला असे कोणी म्हणणार नाही. पण उत्तर देणे भाग पडावे असे बोलणे कशाला म्हणतात, हे त्या भाषणाने दाखवले.

समाजवादी चळवळीला तर दूर जाण्याची गरज नाही. १९६३ च्या पोटनिवडणुकीत निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया लोकसभेत उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की या देशातील २७ कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. नियोजनमंत्री नंदा साडेसात आण्यांवर आले. लोक अजून या वादाचे वर्णन शाब्दिक चकमक असे करतात. त्यातील अर्थशास्त्र मात्र कोणी विद्यार्थ्यांना समजावून देत नाही. लोकसंख्या ४५ कोटी आणि सरासरी पंधरा आणे धरली, तरी २७ कोटी माणसे तीन आण्यांवर असू शकतात. मग उरलेल्या १८ कोटींच्या वाट्याला सरासरी तेहतीस आणे येतात, एवढेच. म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत होते. लोहियांचा प्रश्न सरासरीच्या आड लपलेल्या विषमतेचा होता, आणि सरासरी सांगून त्याला उत्तर देताच येत नव्हते. हे कळलेला विद्यार्थी दरडोई उत्पन्नाच्या आजच्या जाहिरातींनी फसणार नाही. स्पर्धेत मात्र 'तीन आणे' हे दोन शब्द टाळीसाठी वापरले जातात आणि त्यामागचा भागाकार विंगेतच राहतो.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की स्पर्धांमुळे सभाधीटपणा येतो. हे खरे आहे आणि त्याची किंमत कमी लेखू नये. ज्या घरात चारचौघांत बोलण्याची मुभा पुरुषांनाही नव्हती, त्या घरातील मुलगी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहते, ही मोठी गोष्ट आहे. परंतु तिला मिळालेला आवाज दुसऱ्याने लिहून दिलेली वाक्ये बोलण्यात खर्च होत असेल, तर तिला धीट केले आणि मुकेही ठेवले, असेच म्हणावे लागेल. शिवाय शुल्क घेणाऱ्या मार्गदर्शकांच्या या धंद्यात आश्रमशाळेतून आलेला मुलगा उत्तेजनार्थ पारितोषिकापुढे जात नाही, कारण त्याच्या उच्चारांत त्याचे गाव ऐकू येते.

दुसरा आक्षेप असा की दोन्ही बाजू मांडता येणे हे बुद्धीचे उत्तम शिक्षण आहे. तत्त्वतः हेही मान्य. आपल्या शास्त्रपरंपरेत सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडावा लागे, आणि तोही प्रतिपक्षाने मान डोलवावी इतक्या प्रामाणिकपणे. पण पूर्वपक्षानंतर सिद्धान्त येत असे. आजच्या स्पर्धेत चिठ्ठीवर बाजू ठरते आणि सिद्धान्ताची वेळ कधी येतच नाही. सकाळी अनुकूल आणि दुपारी दुसऱ्या गावी प्रतिकूल बोलून दोन पाकिटे घरी नेणारा तरुण काय शिकतो? मत ही विकायची वस्तू आहे, हे शिकतो. पुढे पक्षांतर करताना त्याची जीभ अडखळत नाही, यात नवल ते काय?

मतपेटीविना राजकारण

या साऱ्याच्या मुळाशी एक राजकीय सोय आहे. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. देशाचे सरकार निवडण्यास हा तरुण लायक ठरला. महाराष्ट्रात मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेच्या नावाखाली नेमणुकांची पद्धत आली. हिंसाचाराचे कारण पुढे केले गेले. ते पूर्ण खोटे नव्हते. पण गुंडांचा बंदोबस्त करण्याऐवजी मतदारांनाच घरी पाठवण्यात आले. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली आणि २०१९ मध्ये मुहूर्त आला असता त्या पुढे ढकलल्या गेल्या. वसतिगृहाचे भाडे, शिष्यवृत्तीचा विलंब, परीक्षाशुल्काची वाढ यांवर बोलून मत मागण्याचे व्यासपीठ काढून घ्यायचे आणि त्याच विद्यार्थ्याला 'राजकारणातील युवकांची भूमिका' यावर पाच अधिक दोन मिनिटे बोलायला लावायचे, हा कावा ओळखला पाहिजे. मतपेटी काढून घेतली आणि बदल्यात ध्वनिक्षेपक दिला. ज्या संस्थाचालकाच्या शुल्कवाढीविरुद्ध बोलायला हवे, करंडक त्याच्याच हस्ते स्वीकारायचा असतो.

पक्षाचे कर्तव्य

दोष केवळ संस्थाचालकांचा नाही. समाजवादी कार्यकर्तेही साने गुरुजींच्या जयंतीला अशाच स्पर्धा भरवतात, त्याच गुणपत्रिका छापतात आणि स्पर्धकांची संख्या वृत्तांतात नोंदवून समाधान मानतात. ज्या चळवळीचे वक्ते सेवादलाच्या शाखांतून आणि अभ्यासमंडळांतून घडले, तिने अभ्यासमंडळे ओस पाडून करंडक वाटावेत, याला काय म्हणावे?

स्पर्धा बंद करण्याचे कारण नाही. त्या बदलता येतात. विषय एक महिना आधी द्यावा आणि त्यासोबत मूळ कागद द्यावेत : विधेयक, अर्थसंकल्पाची पाने, न्यायालयाचा निकाल. विषयाशी संबंधित एका ठिकाणी, मग ते रेशनचे दुकान असो, बाजार समिती असो वा प्राथमिक आरोग्य केंद्र, जाऊन आल्याशिवाय स्पर्धकाला बोलू देऊ नये. बाजू ज्याची त्याने निवडावी, 'दोन्ही पर्याय चुकीचे आहेत' असे म्हणण्याची मुभाही असावी. पाच मिनिटे भाषण झाले की पाच मिनिटे परीक्षकांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनी प्रश्न विचारावेत आणि निम्मे गुण त्या उत्तरांना असावेत. आकडा कोठून आणला हे सांगता आले नाही तर गुण कापावेत. उच्चारांचे गुण रद्द करावेत. बोली ही चूक नव्हे. पाठ केलेले भाषण आणि यंत्राने लिहिलेले भाषण दोन्ही पहिल्या प्रश्नालाच कोसळतील, त्यासाठी वेगळी बंदी घालावी लागणार नाही.

अशा स्पर्धेला स्पर्धक कमी येतील. पन्नासांऐवजी बारा येतील. कार्यक्रमाचे छायाचित्रही फारसे भरगच्च दिसणार नाही. परंतु त्या बाराजणांपैकी चारजण पुढच्या वर्षी ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला निधीचा हिशोब मागतील आणि उत्तर टोलवले तर खाली बसणार नाहीत. टाळ्या मिळवणारे वक्ते प्रत्येक पक्षाकडे उदंड आहेत. हिशोब मागणारे नागरिक घडवणे हे समाजवाद्यांचे काम आहे, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.