इंजिन उतरलंच आहे तर

इंजिन कामाला काढलं की मिस्त्री विचारतो, ‘क्लचप्लेटही बदलायची का?’ आणि मालकाला वाटतं, हा आता बिल फुगवायला बसला. मला मात्र हा प्रश्न न विचारणाऱ्या गॅरेजचीच धास्ती वाटते. क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध. चार महिन्यांनी तो घसरू लागला, तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी पुन्हा मोजावी लागते. म्हणून निर्णय घेण्याआधी जुनी प्लेट स्वतः हातात घेऊन पाहा. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागापासून किती खोल आहेत, ते समोर मोजायला लावा. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ही खोली किमान ०.३ मिमी लागते. त्या मर्यादेच्या जेमतेम वर असलेली प्लेट मी तरी परत चढवू देणार नाही. लायनिंगमध्ये तेल मुरलं असेल, तर जाडी कितीही असो, प्लेट बाद. हे तेल बरेचदा येतं क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून, आणि ते सील असतं फ्लायव्हीलच्या आड. क्लच ठेवा किंवा बदला, ते सील नवंच टाका. एवढ्या स्वस्त रबरापायी नवीकोरी प्लेट वाया गेलेली पाहवत नाही. रिलीज बेअरिंग बोटांनी फिरवा, खरखर लागली तर तेही बदला. प्लेट अलीकडेच टाकलेली, कोरडी आणि जाड असेल, तर मात्र खुशाल ठेवा आणि ते पैसे चांगल्या पिस्टन रिंगांवर घाला.