मंडईंतला पुतळा आणि मंडईंतलीं माणसें

पुण्याची मंडई १८८६ सालीं उभी राहिली तेव्हां तिला लॉर्ड रे यांचें नांव दिलें गेलें. आज तिला महात्मा फुले यांचें नांव आहे. वाचकहो, यांतली गंमत पाहा! नगरपालिकेचे सभासद असतां जोतीरावांनीं याच इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. १८८० सालीं लॉर्ड लिटन यांच्या स्वागताचा खर्च निघाला, तेव्हांहि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा असें सांगून हा एकटा माळी विरुद्ध उभा राहिला.

हीच गोष्ट पुढें करून कोणी शहाणा म्हणेल, पेठेंत शिल्प हवें कशाला? जोतीरावच असल्या उधळपट्टीविरुद्ध होते! वाहवा! १९२४ सालीं याच मंडईंत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला, तेव्हां ही काटकसर कोठें दडली होती? आणि १९२५ सालीं केशवराव जेध्यांनीं जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव नगरपालिकेंत आणला, तो फेटाळला गेला, तो काय खर्चाच्या हिशेबानें? ज्यानें १८४८ सालीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, त्यास त्याच्याच गांवीं हातभर चौथरा मिळेना! टिळकांच्या पुतळ्याशीं आमचें भांडण नाहीं. तो खुशाल असो.

जोतीरावांचा आक्षेप दगडचुन्यास नव्हता. कर भरणारा एक आणि मिरवणारा दुसरा, यास होता. तोच सवाल आजच्या पुतळ्यांना घाला. वर्षांतून दोनदां शिडी लागते, हार पडतात, पुढारी फोटो काढून घेतात. एरवीं भोंवतीं लोखंडी कठडा आणि कठड्यास कुलूप! ज्या वस्तींत पुतळा उभा, तिला विचारतो कोण?

आमची मागणी साधी आहे. मंडईच्या अंगणांत भाजीची पाटी घेतलेली बाई व पाठीवर पोतें घेतलेला हमाल यांचें शिल्प असावें. माणसाच्या उंचीचें, भुईवर, कठड्यावांचून. पोरांनीं हात लावला तर लावूं द्या, तांबें घांसून चकाकेल. आणि तें बाहेरून तयार आणूं नका. कसबा पेठेंत तांबट आळी आहे. पिढ्यानपिढ्या हंडे आणि बंब घडविणारे, मठारकामाचे ठोके अचूक टाकणारे हात तेथें आहेत. हंडा निराळा आणि मूर्ति निराळी, हें आम्हांस कळतें. म्हणून मातीचा नमुना शिल्पकारानें करावा आणि पत्रा तांबटांनीं ठोकावा. मजुरी दोघांस रोख मिळावी. 'सन्मानाची शाल' देऊन बोळवण नको.

शाळेच्या पैशांतून मात्र छदाम घेऊं नये. उद्घाटनाचा मंडप, कमानी आणि फलकावरील पुढाऱ्यांच्या नांवांची रांग वगळली, तरी बरेंच वाचेल. जागा, खर्च व नमुना आधीं मंडईंत सर्वांस दिसेल असा लावा, आणि पहिलें मत भाजीवाल्या बायांचें घ्या. भरली पाटी डोक्यावर घेतांना मान कशी ताठते, हें नगरपालिकेच्या खुर्चीवरून दिसत नाहीं.