हळदीने दिलेला धडा

संशोधन प्रयोगशाळांत उत्कृष्ट शोधनिबंध व आविष्कार यांचा वार्षिक गौरव झाला की, 'निबंधांनी देशाचे काय भले झाले?' असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर हळदीने दिले आहे. जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. घरोघरच्या आजीबाईंची साक्ष तेथील कायद्याला पुरेशी नव्हती. छापील पुरावाच हवा होता. संस्कृत ग्रंथाबरोबर १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवला गेला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. परंपरेच्या अभिमानाला प्रयोगाची आणि लेखणीची जोड हवी. शोधनिबंधाचा पुरस्कार हा राष्ट्राच्या ज्ञानधनाच्या राखणदाराचाच सन्मान होय.