जोगलटेंभीचं नाणं वर्गात आणा

'सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला' हे वाक्य मुलं पाठ करतात नि विसरतात. त्यापेक्षा आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीची गोष्ट सांगावी. तिथे १९०६ साली १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला! चांदी वितळवली नाही. नहपानाच्या चेहऱ्यावरच आपलं डोंगराचं चिन्ह उमटवलं. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं, राजा बदलला.

हरसूलच्या आठवडे बाजारात पैसे मोजणाऱ्या आमच्या मुलांना हे चटकन समजेल. मातीच्या चकतीवर एक ठसा, त्यावर दुसरा मारायला लावा. खालचा थोडा दिसतोच. त्या नाण्यांवरही नहपान पुरता पुसला गेलेला नाही.